मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीत सी००३५ कोड, सेन्सर गेला की वायर?

मंडळी, गाव आर्वी तालुक्यात, गाडी इलेक्ट्रिक. पाऊस सुरू झाला आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं), ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाक घसरू न देणारं) दिवे लागले ते लागलेच. रीजनही (मोटरनेच ब्रेक लागून बॅटरी चार्ज होणं) बंद पडलं. आधी पाय उचलला की गाडी आपोआप हळू व्हायची, आता नुसती घरंगळत जाते. ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर एबीएसशिवाय चालवायला जीव होत नाही.

माझा ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर फक्त पी-वाले (इंजिन-मोटरकडचे) कोड दाखवतो, ब्रेककडचे सी-वाले नाही. पुलगावच्या मेकॅनिककडे एबीएस वाचणारा आहे, त्यावर सी००३५ आला, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. कोड पुसला की गावाबाहेर पडेपर्यंत परत हजर! लाइव्ह डेटात गाडी २० वर असताना तीन चाकं २० दाखवतात, हे एक शून्य. मधूनच ८-१० वर उडी मारतं आणि पुन्हा शून्य.

चाक काढलं तर आत काळ्या मातीचा नुसता गिलावा. धुतला, फरक नाही. कनेक्टरच्या एका पिनवर हिरवट गंज आहे आणि शॉकअपजवळ वायरच्या कव्हरवर बारीक दातांचे व्रण. गाडी ढेपीच्या पोत्यांशेजारी उभी राहते, त्यामुळे उंदरांवर संशय आहेच. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरने मात्र गाडी न बघताच फोनवर सांगितलं, हब-बेअरिंगसकट बदला. काहून बदलू? आधी सेन्सरचा रेझिस्टन्स मोजू का?

प्रतिसाद:
भाऊ, रेझिस्टन्सच्या नादी लागू नका. ती तपासणी जुन्या कॉइलवाल्या सेन्सरची. आताचे बहुतेक दोन तारांचे हॉल-इफेक्ट (चुंबक ओळखणारी चिप असलेले) असतात, करंट ७ आणि १४ मिलिअँपिअरमध्ये बदलून सिग्नल देतात, ओहममध्ये काही कळणार नाही. आधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बघा, ती खचली तरी एबीएस भलते कोड टाकतं. मग पिन साफ करून वायर मल्टिमीटरच्या बीपवर (तार अखंड असेल तर वाजतो) लावा आणि दातांच्या जागी हलवा. बीप तुटला तर चोर सापडला. वायर ठीक निघाली तर डावा-उजवा सेन्सर अदलाबदल करा (दोन्हींचा आकार एकच असेल तरच). कोड सी००४० (पुढच्या उजव्या चाकाचा) झाला तर सेन्सर गेला. सी००३५ च राहिला तर बेअरिंगमधली मॅग्नेटची रिंग (सेन्सर तीच वाचतो) बघायची, हबचा खर्च त्यानंतर. नारिंगी केबलला (मोठ्या बॅटरीचा हाय व्होल्टेज) मात्र हात लावायचा नाही.

धागाकर्ता:
दादा, बीप तुटला, व्रणांच्या जागीच! सोल्डर करून टेप मारली तर चालेल? स्टिअरिंग वळवलं की तिथली वायर वाकते.

प्रतिसाद:
टेप नको, पाण्यात सुटते. सोल्डर तिथे ताठ होतो आणि कडेला वायर तुटते. क्रिम्प करा (धातूच्या नळीत दाबून जोडा), वरून आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळते) चढवा आणि जोड वाकणाऱ्या भागापासून वर सरकवा. तेवढी लांबी नसेल तर सेन्सर वायरसकटच घ्या.