बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरात ग्लीसन ३+४ आलंय, जीन टेस्ट करावी का?

फोंड्याचो: बाबा ६८ वर्षांचे, रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटचं प्रोटीन) ८, बायोप्सीत ग्लीसन (पेशी किती बिघडल्यात त्याचा ग्रेड) ३+४. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात दाखवतोय, डॉक्टर म्हणाले घाई नाही, पण एकाने डिसायफर टेस्ट सुचवली, त्याने पुढे वाढणार की नाही कळतं काय?

म्हापसेकर: ती बायोप्सीच्याच टिश्यूतल्या २२ जीन्सचा आरएनए (म्हणजे कुठली जीन किती काम करतेय) बघते नि ० ते १ मधला स्कोर देते, ०.६ च्या वर गेला की पसरायची रिस्क जास्त धरतात. पण शक्यताच रे ती, भविष्य नव्हे. रिपोर्टने ट्रीटमेंट बदलणार असेल तरच पैसे घाल.

नर्सताई: घरात कोणाला ब्रेस्ट नाहीतर ओव्हरीचा कॅन्सर होता का? असेल तर बीआरसीए२ जीनच्या तपासणीचा विषय आधी डॉक्टरांकडे काढ, त्यात दोष असला तर हा आजार जोरात वाढायची भीती जास्त. ती तपासणी रक्तावर होते.

फोंड्याचो: आत्याला होता ब्रेस्टचा! हे कोणी विचारलंच नव्हतं, उद्याच सांगतो डॉक्टरांना.