दुसरीतल्या पोरांची भांडणं: "सॉरी म्हण" च्या पुढे काय करता?

दुसरीच्या_बाई
नमस्कार. झेडपीची द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे. दिवसभर एकच रडगाणं, बाई यानं ढकललं, बाई हिनं खोडरबर घेतलं, बाई तो कट्टी म्हणाला. मी म्हणते सॉरी म्हण, तो खाली बघून सॉरी पुटपुटतो न पाच मिनिटांत परत येरे माझ्या मागल्या. त्यात एक मुलगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेला, आता पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, परत आलाय. त्याच्याशेजारी कुणी बसत नाही आणि तोही सरळ हात उगारतो. बोधकथा सांगून झाल्या, तात्पर्य सगळ्यांचं तोंडपाठ आहे 😀 प्रत्यक्षात काय करता?

मराठवाडी_मास्तर
बाई, सॉरी बंद करा आधी. आमच्या बीडमध्ये २००९ ला झेडपी शाळांत मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे राज्यभर गेला. कागदं भरून हात दुखले ते सोडा, पण जोडीत काम करायचं न वर्गाचे नियम पोरांनीच ठरवायचे हे मी अजून धरून आहे. भांडण आलं की दोघांना समोरासमोर बसवतो. एकानं सांगायचं काय झालं, दुसऱ्यानं आधी ते जसंच्या तसं परत सांगायचं, मगच स्वतःची बाजू. "हा म्हणतो मी त्याची पेन्शिल मोडली" असं स्वतःच्या तोंडानं म्हणताना निम्मा राग तिथंच उतरतो. शेवटी मी निकाल देत नाही, विचारतो, आता काय करायचं? पोरंच सांगतात, माझी अर्धी घे म्हणून.

घंटा_झाली_का
हे सगळं बोलायला छान, वेळ कुठाय? निपुणच्या वाचन-गणिताच्या चाचण्या, पोषण आहाराच्या नोंदी, वर बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम. दिल्लीत २०१८ ला सरकारी शाळांत हॅपीनेस करिक्युलम आला, भावना ओळखायला न मन शांत ठेवायला शिकवणारा, नर्सरी ते आठवी, त्याला वेगळा तास होता. इथं एका माणसाच्या गळ्यात दोन वर्ग.

मराठवाडी_मास्तर
सर वेगळा तास मागतंय कोण. पोरं भांडतात खिचडीच्या रांगेत न नळावर, शिकवायचं पण तिथंच. तासाला सगळी शहाणीच असतात.

पुण्यातली_आई
+१. मुलीच्या शाळेत असा भावनांचा तास आहे, वर्कशीटवर हसरे-रडके चेहरे रंगवतात, रंगवून घरी आली की भावाला बदडते 😅 पण वर्गात कोपऱ्यात एक चटई न उशी ठेवलीय, राग आला की मूल आपणहून जाऊन बसतं, ते मात्र तिला आवडतं. फक्त बाईंनी "जा कोपऱ्यात" म्हणून शिक्षा देऊन पाठवायचं नाही, नाहीतर संपलंच.

मराठवाडी_मास्तर
आणि बाई त्या पोराचं. जोडीत नको, शांत अशा दोघांबरोबर तिघांचा गट करा. हात उगारायच्या आधी त्याच्या मुठी वळत असतील बघा, तेव्हाच माठातलं पाणी आणायला पाठवा, मारल्यावर नाही. सहा महिने उसाच्या फडावर राहून आलंय, त्याला मोळी बांधता येते, बाकीच्यांना येते का? ते वर्गात येऊ द्या, पण बिचारा-बिचारा करून नको.

दुसरीच्या_बाई
हे जमेल. शाळेमागे ज्वारीची धाटं पडलीत, त्यांच्या मोळ्या करायला लावते, तो शिकवेल.

मराठवाडी_मास्तर
लावा की. पण कोयता कुणी मागितला तर नाही म्हणा 😀