मदत हवी आहे: वाड्यांवरचा लोरा मेश मेमध्ये चालतो, जुलैत मरतो

घाटवाट:
पोलादपूरच्या वरच्या अंगाला तीन वाड्या. पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. दरडीची खबर खाली ग्रामपंचायतीत पोचावी म्हणून लोराचे (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) चार नोड, म्हणजे रेडिओ-डबे, लावलेत; एकाचा निरोप दुसरा पुढे देतो, त्यावरचं सॉफ्टवेअर मेशटॅस्टिक. बोर्ड हेल्टेक व्ही-३, प्रत्येकाला दोन १८६५० सेल (मिळून ६ अँपिअर-तास) आणि ६ वॅटचं पॅनल. अँटेना आढ्याला बांबूवर, तिथून बोर्डापर्यंत १० मीटर आरजी-५८ केबल. लांबचा टप्पा ४ किमी.
मेमध्ये सगळं बिनचूक. आता झड लागली की तिसऱ्या दिवशी नोड बंद, आणि चालू असतात तेव्हाही लांबच्या टप्प्यावर दहातले तीन-चारच निरोप पोचतात. पॅनल मोठं घेऊ का?

कोरडासेल:
पॅनल राहू द्या, बोर्ड बदला. हेल्टेकवरची ईएसपी३२ चिप सतत ऐकत राहिली की साधारण १०० मिलिअँपिअर खाते, म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. ६ ला २.४ ने भागा, तुमचा तिसरा दिवस सापडेल. एनआरएफ५२८४० चिपचा बोर्ड (उदा. रॅक ४६३१) हेच काम १०-१२ मिलिअँपिअरमध्ये करतो.
दाट ढगात ६ वॅटच्या पॅनलमधून अर्धा वॅट निघाला तरी नशीब. सहा तासांचे झाले ३ वॅट-तास. हेल्टेकला रोज ९ लागतात, या बोर्डाला १ पुरतो.
अँटेना जोडल्याशिवाय बोर्डाला वीज देऊ नका, ट्रान्समीटर जळू शकतो. डब्याच्या बुडाला बारीक भोक ठेवा, नाहीतर आतलीच वाफ पाणी होऊन बोर्डावर बसते.

सह्यतरंग:
निरोप गळतात त्याचं कारण वेगळं. ८६६ मेगाहर्ट्झला ४ किमीच्या मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधला, लहरींना मोकळा लागणारा फुगीर पट्टा) त्रिज्या १८-१९ मीटर येते. त्यातले निदान ११ मीटर मोकळे हवेत, नुसता समोरचा डोंगर दिसून भागत नाही. मेमध्ये साग उघडाबोडका असतो, जुलैत त्याचं पान सुपाएवढं, वर ओलं. जागेची चाचणी भर पावसातच घ्यायची.
आरजी-५८ ची १० मीटर केबल ५-६ डेसिबल खाते, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त शक्ती वाटेतच संपते. डबा अँटेनाच्या खालीच बांधा, केबल अर्धा मीटर पुरे. जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबर टेप, वरून काळी टेप. मधल्या सोंडेवर पाचवा नोड लावा आणि राउटर (सगळ्यांचे निरोप पुढे ढकलणारा) फक्त त्यालाच करा. सगळेच राउटर झाले की एकमेकांवर ओरडतात.
मेशटॅस्टिकच्या मूळ सेटिंगवर, लाँगफास्टवर, आहात का?

घाटवाट:
हो, आहे तसंच ठेवलंय. पाचव्यावर वीज पडेल ना?

सह्यतरंग:
पडू शकते. अगदी माथा टाळा, अँटेनाशी गॅस-ट्यूब अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) लावा, तांब्याची तार सरळ अर्थिंगला न्या. तरी एक बोर्ड शिलकीत ठेवाच.
लाँगफास्टची रुंदी (निरोप व्यापतो तो लहरींचा पट्टा) २५० किलोहर्ट्झ. ८६५-८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात २०० चीच मुभा आहे. लाँगमॉडरेट हे सेटिंग (१२५) सगळ्या नोडवर एकदम लावा, एक जरी राहिला तरी तो बहिरा. निरोपाला साधारण तिप्पट वेळ लागेल, पण ३ डेसिबल पदरात पडतात, म्हणजे निम्म्या ताकदीचा निरोपही ऐकू येतो.

जागल्या:
रात्री तो निरोप वाचणार कोण? इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्रीच. ग्रामपंचायतीच्या नोडला १२ व्होल्टचा भोंगा आणि ७ अँपिअर-तासाची बॅटरी जोडा. मेशटॅस्टिकमधलं एक्स्टर्नल नोटिफिकेशन मॉड्यूल (निरोप आला की भोंगा वाजवणारा भाग) निरोपात घंटेचं चिन्ह असेल तरच वाजेल असं ठेवा, नाहीतर 'जेवलास का'ला गाव गोळा होईल.
दुसरं, सकाळ-संध्याकाळ सातला प्रत्येक वाडीने हजेरी द्यायची. आली नाही तर माणूस वर पाठवायचा. २०१४ मध्ये माळीण गाडलं गेल्याचं एसटीचा चालक तिथे पोचला तेव्हा कळलं.
आणि सॅटेलाइट फोनचा सल्ला कोणी देईल तर थुराया, इरिडियमचे असे फोन परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

घाटवाट:
भोंग्याला घरात पडलेला ५ व्होल्टचा रिले चालेल?

जागल्या:
भरवसा नाही. बोर्डाची पिन ३.३ व्होल्ट देते, त्यावर बरेच ५ व्होल्टचे रिले कधी ओढतात, कधी नाही. लॉजिक-लेव्हल मॉसफेट (३.३ व्होल्टवरही पुरता चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या, त्याच्या गेट पिनेपासून सर्किटच्या ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा.