बेळगाव–चाकण ट्रकभाडं: मंगळवारी एक, शनिवारी दुसरं. असं का?

उद्यमबाग_डिस्पॅच:
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून पुण्याजवळच्या चाकणला कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) जातात, एका खेपेला १५ ते १८ टन, लोखंडी बिनमध्ये. मंगळवारी सांगितलेला टनाचा दर शनिवारी चढलेला असतो. महिनाअखेरीला तर गाडीच मिळत नाही. ३२ फुटी कंटेनरवाला (बंद बॉडीची गाडी) कधीकधी उघड्या दहा टायर ट्रकपेक्षाही कमी सांगतो. डिझेल काही रोज हलत नाही, मग दर कशावर हलायलाय? वर्षाचा एकच दर बांधून घ्यावा का?

ऑटोनगर_लोडिंग:
साहेब, दर नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. गाडी चाकणला रिकामी झाल्यावर तिला पुढं काय मिळणार, यावर ठरतो.

हिशेब बघा. अंतर सुमारे ३७० कि.मी. भरलेली दहा टायर लिटरला ४ कि.मी. धरली तर ९२ लिटर, रिकामी परत ५ च्या हिशेबानं ७४ लिटर. डिझेल ९० रुपये धरा: जायचे ८,३०० आणि यायचे ६,६५०. परतीचं भाडं हातात असलं तर यायचं डिझेल आणि टोल तुमच्या बिलात चढत नाही, नसलं तर पूर्ण चढतं. म्हणून एकाच दिवशी दोन दलालांचे दर वेगळे. एकाकडं पुण्याहून इकडं येणारा स्क्रॅपचा लोड असतो, दुसऱ्याकडं नसतो. तुमच्या फौंड्रीत स्क्रॅप कुणाच्या गाडीतून येतंय ते आधी बघा. तीच उघड्या बॉडीची गाडी तुमचा माल घेऊन गेली तर दोघांचंही भागतं.

आता शनिवार. शनिवारी भरलेली गाडी रविवारी चाकणला पोचते आणि गेटवर माल उतरवून घ्यायला कुणी नसतं. सोमवारी नंबर लागेपर्यंत दीड दिवस उभी. तो हॉल्टिंगचा पैसा गाडीवाला आधीच दरात घालतो. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत लोडिंग संपवून गाडी हायवेला लावा, शनिवारी सकाळी गेटवर असेल. मात्र त्या कंपनीचं गेट शनिवारी चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा.

केए२२_मालक:
वरचं बरोबर, पण निम्मी गडबड दर ज्या वजनावर सांगतात तिथंच असते. टनाचा दर ऐकला की दोन गोष्टी विचारा: गॅरंटी (कमीत कमी किती टनाचे पैसे द्यायचे) किती टनाची, आणि पासिंगमध्ये (आरसीवरच्या मान्य वजनात) की ओव्हरलोड?

१८ टन गॅरंटी आणि दर १,००० असेल तर १५ टन भरले तरी १८,००० द्यावे लागतात. म्हणजे तुम्हाला टन १,२०० ला पडला. स्वस्त दर बहुतेक ओव्हरलोड धरून सांगितलेला असतो. २०१८ पासून तीन ॲक्सलच्या, म्हणजे दहा टायर गाडीचं मालासकट एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालतं, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकात) जेवढं लिहिलंय तेवढंच धरायचं. गाडीचं रिकामं वजन वजा केलं की हातात साधारण १८–१९ टन उरतात. त्यावर गेलं तर २० हजार दंड, शिवाय जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. हे सोसायची तयारी असेल तरच ओव्हरलोडचा दर ऐका.

आणखी एक. भाड्याची बाकी ४५ दिवसांनी देणारा आणि पोच आली की देणारा, दोघांना एकच दर कोण लावेल?

चिकोडी_ऊसवाला:
हंगाम विसरू नका. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की सीमाभागातल्या सहा टायर आणि दहा टायर ऊस-साखरेत अडकतात, मार्चपर्यंत स्थानिक गाडी महाग. सरकार कारखान्यांना ठरवून देतं तो साखरेचा विक्री कोटा महिन्याचा असतो, त्यामुळं उचल शेवटच्या आठवड्यात तुंबते. नेमकी तेव्हाच तुमच्यासारख्यांची बिलिंगची घाई. २५ तारखेनंतर गाडी शोधायची वेळच येऊ देऊ नका, निम्मा माल २० च्या आत काढा. खंडेनवमीला पूजा झाल्याशिवाय गाडी हलत नाही, दिवाळीत परप्रांतीय ड्रायव्हर गावी जातात. सीमाप्रश्न तापला की एमएच पासिंगवाले (महाराष्ट्रात नोंदलेल्या गाड्या) हद्दीत यायला कचरतात, मग केए गाड्यांचा भाव वधारतो.

उद्यमबाग_डिस्पॅच:
कंटेनरचं काय? आणि वर्षाचा दर?

ऑटोनगर_लोडिंग:
कंटेनर स्वस्त सांगतो तो पुण्याकडं परतणारा. हुबळीला माल उतरवून रिकामा निघालेला असतो, डिझेल सुटलं तरी त्याला चालतं. पण ३२ फुटी सिंगल ॲक्सलमध्ये सातेक टन, मल्टी ॲक्सलमध्ये १४–१५ टन. तुमचे १८ टन कशातच बसत नाहीत. वरून क्रेन चालत नाही, मागच्या दारातून फोर्कलिफ्ट लागते, त्याला रॅम्प पाहिजे. बिनचं वजन एका जागी आलं की फळी दबते. हलका, जागा खाणारा माल असेल तर कंटेनर बरा, कास्टिंगला उघडी बॉडी.

वर्षाचा दर बांधा, पण डिझेलच्या अटीसह. वरच्या हिशेबात खेपेला १६६ लिटर लागतात, म्हणजे डिझेल १ रुपया वाढलं की खेपेला १६६, टनाला ९ रुपये. कराराच्या दिवशीचा पंपाचा भाव कागदावर लिहा, त्याच्या वरखाली ९ रुपयांनी दर हलवा. १ एप्रिल २०२५ ला कर्नाटकात डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्के झाला, तेव्हा अट नसलेल्यांची वर्षाच्या सुरुवातीलाच भांडणं. पूर्ण माल करारात घालू नका. बाजार वर गेला की करारवाला महिनाअखेरीला फोनच उचलत नाही. गाडी न दिल्यास बाजारभावातला फरक त्यानं भरायचा, ही ओळ घाला.

जीएसटी_लेखनिक:
शनिवारच्या हॉल्टिंगला जोडून: ३७० कि.मी.ला ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) दोन दिवसांचं, दर २०० कि.मी.ला एक. शुक्रवारी काढलं तर रविवारी मध्यरात्री संपतं. गाडी वाटेत अडकून सोमवारवर गेली तर बिल मेलेलं, आणि पकडलं तर कराच्या दुप्पट दंड. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवता येतं, म्हणजे रविवारी दुपारी चार ते सोमवारी सकाळी आठ. ट्रान्सपोर्टरला त्या वेळेत फोन लागतो का ते बघा, आणि गाडी शनिवारी निघणार असेल तर बिलही शनिवारीच काढा.