बोलोन्याहून एका दिवसात आई-बाबा अन् लेकरं घेऊन कुठं जावं? रावेन्ना कसं राहील?

मांजराकाठ:
राम राम मंडळी. धाकटा भाऊ नोकरीला बोलोन्यात असतो. येत्या मे मध्ये आम्ही लातूरहून त्याच्याकडं जायलोत, आई-बाबा, आम्ही दोघं अन् दोन लेकरं, थोरली अकराची अन् धाकटा सहाचा. भावाला सुट्टी मोजकीच मिळायली त्यामुळं शहराबाहेर जायला एकच मोकळा दिवस आहे. बायकोला व्हेनिस बघायचंय, भाऊ म्हणतो तिथल्या गर्दीत आई-बाबायचे हाल होतील, त्यापेक्षा रावेन्नाला चला. मी तर हे नावच पहिल्यांदा ऐकलं. बाबा रिटायर्ड मास्तर, इतिहास शिकवायचे, जुनं काही दिसलं की दिवसभर खूश, पण गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या जास्त नको. आई माळकरी, मांस-अंडं काहीच नाही. अन् लेकरायला एकामागून एक चर्च दाखवलं तर तासाभरात रडकुंडीला येतील ही मला खरी काळजी. सकाळी निघून रात्री परत यायचंय. कुणी गेलं असेल तर सविस्तर सांगा.

वेरूळवाट:
भाऊ बरोबर सांगतोय तुमचा. मी बोलोन्यात शिकायला होतो, जमेल तसं रावेन्नाला जायचो, अन् मास्तर असलेल्या वडिलांना तर तिथं न्यायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. इ.स. ४०२ मध्ये सम्राट होनोरियसनं आपला दरबार मिलानहून रावेन्नाला हलवला कारण आजूबाजूला सगळी दलदल, शत्रूला चालून येणं अवघड, अन् शेजारी क्लास्से हे आरमाराचं बंदर. म्हणजे पश्चिम रोमन साम्राज्याच्या शेवटच्या काळातली राजधानी हीच. ४७६ मध्ये शेवटच्या बादशहाला ओडोआकर नावाच्या सेनापतीनं खाली खेचलं, मग गॉथ ह्या जर्मन टोळीचा राजा थिओडोरिक आला, मग ५४० मध्ये बायझँटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची फौज. तीन राजवटी एका छोट्या गावात, अन् तिन्ही राजवटींनी भिंतीवर मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे बसवून केलेली चित्रं, लावून ठेवलेत. तिथल्या आठ वास्तू १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते होनोरियसची सावत्र बहीण गाल्ला प्लाचिदिया हिचं समाधीस्थान. बाहेरून साधी विटांची बारकी इमारत, आत पाऊल टाकलं की गडद निळं छत अन् त्यावर सोनेरी चांदण्या. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाचे पातळ तुकडे बसवलेत, त्यातून मधासारखा पिवळा उजेड झिरपतो. (ती स्वतः ४५० मध्ये रोममध्ये वारली, त्यामुळं तिचं दफन इथं झालं नसावं, पण नाव तेच चिकटलं.) ही वास्तू पाचव्या शतकातली, अन् आपल्या अजिंठ्याची १६ अन् १७ नंबरची लेणी पण त्याच शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. तिकडं रंगीत काच अन् दगडाचे तुकडे बसवत होते तेव्हा इकडं वाघूर नदीच्या कड्यात आपली माणसं भिंतीला गिलावा देऊन चित्रं रंगवत होती. बाबांना हे तिथं उभं करूनच सांगा. निघायच्या आधी लेकरांना अजिंठा नीट दाखवता आला तर फार उत्तम, मग त्यांचे डोळे तयार होऊन जातील.

परभणीकर:
माझं वेगळं मत. इटलीपर्यंत एवढा खर्च करून जायचं अन् व्हेनिस सोडायचं? वहिनींचं पण ऐका की जरा. बोलोन्याहून फास्ट ट्रेननं दीड तास लागतो फक्त, पाण्यातलं शहर लेकरं जन्मभर विसरणार नाहीत.

गोदाताई_नांदेड:
परभणीकर दादा, व्हेनिस सुंदरच आहे, वाद नाही. पण तिथं गल्ली ओलांडायची म्हणलं तरी पूल, अन् बहुतेक पुलाला पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला दिवसभर ते नाही जमत. शिवाय २०२४ पासून ठराविक तारखांना फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश फी घ्यायलेत, ते पण आधी साईटवर बघावं लागतं. वहिनींना व्हेनिस दोन-तीन दिवस मुक्काम करून दाखवा, एका दिवसात त्यांचंही समाधान होणार नाही.

आता रावेन्नाचं सांगते, मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलेली आहे. बोलोन्याहून लोकल गाडी सव्वा ते दीड तासात पोचवते, त्याला रिझर्वेशन नसतं, पण कागदी तिकीट घेतलं तर गाडीत बसायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये पंच करायचं विसरू नका, नाहीतर दंड होतो. स्टेशनापासून सान व्हिताले हे मोझेकचं मुख्य चर्च पंधरा-वीस मिनिटं पायी, अन् शहर एकदम सपाट, चढ नाही काही नाही, तिथली म्हातारी माणसं पण सायकलवर फिरतात. भाड्याची गाडी काढणार असाल तर आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट लागतं अन् जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, कॅमेरे लावलेत, दंडाचं पत्र घरी येतं. ट्रेनच बरी.

मुख्य पाच ठिकाणांचं एकत्र तिकीट मिळतं, ते आधी ऑनलाईन काढा कारण गाल्ला प्लाचिदिया अन् निओनियन बाप्तिस्मागृह ह्या दोन जागांना वेळ ठरवून घ्यावी लागते, जागा लहान असल्यामुळं थोडी थोडी माणसं आत सोडतात अन् काही मिनिटांत बाहेर काढतात. म्हणून आत गेल्या गेल्या फोटो काढत बसू नका, आधी डोळे अंधाराला सरावू द्या. गुडघे-खांदे झाकलेले कपडे सगळ्यांनी घाला, आईंच्या लुगड्याला काही अडचण नाही.

मांजराकाठ:
ताई, लई उपयोगाचं सांगितलं. बायकोला वाचून दाखवलं, ती पण आता रावेन्नाला हो म्हणायली. पण लेकरायचं काय करावं? अन् आईच्या जेवणाचं?

वेरूळवाट:
लेकरांसाठी मी सांगतो. त्यांना इतिहास सांगू नका, शोधायला लावा. सान्त'अपोल्लिनारे नुओव्हो हे चर्च थिओडोरिकनं बांधलं, त्याच्या उजव्या भिंतीवर प्रवेशदाराच्या बाजूला त्याच्या राजवाड्याचं मोझेक आहे. नंतर बायझँटाईनांनी राज्य घेतलं तेव्हा खांबांमधली माणसं खोडून तिथं पडदे बसवले, पण काही माणसांचे हात खांबांवर तसेच राहून गेले! ते तुटके हात शोधायला सांगा लेकरांना, बघा कशी मान वर करून उभी राहतात. राजवट बदलली की भिंतीवरची माणसं कशी पुसतात हे तुमच्या थोरलीला तिथंच कळेल, वेगळं शिकवायची गरज नाही.

सान व्हितालेच्या फरशीत एक चक्रव्यूह कोरलेला आहे, मधून सुरू करून बाहेर यायचं, धाकट्याला सोडा त्यात. वर भिंतीवर बायझँटाईन बादशहा जस्टिनियन अन् समोरच्या भिंतीवर त्याची राणी थिओडोरा, ही दोघं स्वतः रावेन्नाला कधी आलीच नव्हती. तिच्या झग्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटवस्तू घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष दिसतात का बघा. सोन्याचे तुकडे का चमकतात ते पण दाखवा: सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांत धरलाय, अन् तुकडे मुद्दाम किंचित तिरके बसवलेत, त्यामुळं तुम्ही दोन पावलं सरकलात की उजेड पण सरकतो.

अन् सान फ्रांचेस्को चर्च चुकवू नका. वेदीखाली झरोका आहे, त्यातून वाकून बघितलं की खालच्या तळघरात पाणी साचलेलं, पाण्याखाली जुनी मोझेकची फरशी अन् वर मासे पोहायलेत. नाणं टाकलं की दिवा लागतो. जमीन खचत गेल्यामुळं तिथं पाणी वर आलंय. शेजारीच इटलीचा थोर कवी दांते ह्याची समाधी. फ्लोरेन्सनं त्याला हद्दपार केलं, १३२१ मध्ये तो रावेन्नातच वारला. पुढं फ्लोरेन्सवाल्यांनी अस्थी मागितल्या तेव्हा इथल्या साधूंनी त्या लपवून ठेवल्या, त्या सापडल्या थेट १८६५ मध्ये. आजही समाधीवरच्या दिव्याला लागणारं तेल दरवर्षी फ्लोरेन्स शहर देतं. मास्तरांना हे फार आवडेल.

गोदाताई_नांदेड:
जेवणाचं: तिकडं पियादीना म्हणून गव्हाची पातळ भाजलेली पोळी सगळीकडं मिळते, आत चीज अन् पालेभाजी घालून देतात. पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते! ऑर्डर देताना 'सेन्झा स्त्रुत्तो' म्हणजे चरबीशिवाय असं स्पष्ट विचारा, ऑलिव्ह तेलाची पण मिळते. रस्स्यातला पास्ता आईंना देऊ नका, रस्सा मांसाचाच असतो. अन् माळकऱ्यांसाठी अजून एक, पार्मेजान चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचं द्रव्य) वापरतात, बाकी बऱ्याच चीजचं पण तसंच. त्यामुळं त्यांच्यासाठी मरिनारा पिझ्झा, त्यात चीज नसतंच, टोमॅटो लसूण अन् तेल. सगळ्यात बरं म्हणजे घरून धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. थिओडोरिकच्या थडग्याभोवती हिरवळ आहे, तिथं बसून खाता येतं. त्या थडग्याचं छत एकाच अखंड दगडाचं, साधारण दहा मीटर रुंद, समुद्रापलीकडून इस्त्रियातून आणलेला. वेरूळचं कैलास बघितलेल्या माणसाला पण तिथं थांबावंसं वाटतं.

तेरणाकाठ:
उशिरा वाचलं पण एक सांगतो. तुम्ही लातूरचे, तेर तुमच्यापासून जवळच. जायच्या आधी एका रविवारी लेकरायला तेरच्या लामतुरे संग्रहालयात घेऊन जा. सातवाहन काळात तेर म्हणजे तगर, इथला माल भडोचमार्गे रोमपर्यंत जायचा, ग्रीक भाषेतल्या जुन्या व्यापारी मार्गदर्शिकेत तगरचं नाव आहे. तेरला हस्तिदंताची बाईची जी मूर्ती सापडली तशीच मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत १९३८ मध्ये सापडली. रावेन्नाच्या वैभवाच्या काही शतकं आधीची ही गोष्ट आहे, पण क्लास्से बंदर तेव्हा पण रोमन आरमाराचं ठाणं होतंच. वेळ उरला तर क्लास्सेचं सान्त'अपोल्लिनारे बघून या, शहरापासून पाचेक किलोमीटर, ५४९ मधलं, आत हिरवं कुरण अन् पांढऱ्या मेंढ्यांचं मोझेक. बंदर आता राहिलं नाही, गाळ साचून समुद्र मागं सरकलाय.

मांजराकाठ:
तेर तर अर्ध्या दिवसात होईल, बाबा आत्ताच तयार झालेत. क्लास्सेला जायला बस मिळते का, का ट्रेनच?

तेरणाकाठ:
दोन्ही मिळतात. रिमिनीकडं जाणाऱ्या लोकल गाडीला रावेन्नाच्या पुढचंच क्लास्से स्टेशन, उतरलं की चर्च जवळच आहे. फक्त परतीची गाडी कधी ते उतरतानाच बघून ठेवा, सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत.