क्लच ऑइल काळं पडलंय, तापल्यावर पेडल मऊ होतं : घरी बदलायची नीट पद्धत कोणती?

गंगापूररोडवाला

गाडी निसान ३७०झी, सहा गिअरची मॅन्युअल. क्लचच्या टाकीतलं ऑइल पार काळपट झालंय. सकाळी गार गाडीत क्लच एकदम ठीक. पण द्वारका सर्कलच्या गर्दीत वीसेक मिनिटं हाफ क्लचवर काढली, किंवा कसारा घाट चढून इगतपुरीला पोचलं की पेडल मऊ पडतं आणि रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. दोन-तीनदा पेडल मारलं की परत जागेवर. टाकीची पातळी मात्र उतरलेली नाही.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. डॉट ३, ४, ५, ५.१ यातलं काय घालू? किती लागेल? एकट्याने जमेल का? आणि नुसतं ऑइल बदलून भागेल की सिलिंडर गेलाय, हे पाना हातात घेण्याआधी कसं ओळखायचं?

रिंगपाना_अंबड

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण उत्तर उलटं निघालं तर बाकीची मेहनत वाया.

सपाट जागा, समोर मोकळं मैदान. गाडी तापलेली असतानाच क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, ब्रेकवर हलका पाय, आणि पेडल तसंच मिनिटभर धरून ठेवा. गाडी हळूहळू पुढे ओढायला लागली तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलला जोडलेला, दाब तयार करणारा) आतला कप, म्हणजे रबरी सील, दाब धरत नाहीये. ऑइल बाहेर कुठेच गळत नाही, कपाच्या कडेने परत टाकीकडेच जातं, म्हणून पातळीही उतरत नाही. मग ऑइल बदलून काही होणार नाही, मास्टर बदला. मिनिटभर गाडी जागची हलली नाही आणि पंप केल्यावर पेडल सुधारतं, तर लाइनमध्ये हवा किंवा वाफ आहे.

गार असताना ठीक, तापल्यावर मऊ, यावरून मला तरी वाफच वाटते. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर (मास्टरचा दाब घेऊन क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर लटकलेला नसतो. तो बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणारं घंटेसारखं कवच) आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बांगडीसारखा बसतो. एकीकडे क्लचची उष्णता, दोन्ही बाजूंनी एक्झॉस्ट. ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असेल तर त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडलचा अर्धा प्रवास तिलाच दाबण्यात जातो. गार झालं की वाफेचं परत पाणी, म्हणून सकाळी गाडी साळसूद.

आपण ऑइल म्हणतो, पण हे ऑइल नव्हे, ब्रेक फ्लुइड आहे, आणि ते हवेतला ओलावा ओढतं. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३० आणि ५.१ चा २६०. साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. झाकणावर डॉट ३ लिहिलेलं असलं तरी डॉट ४ बिनधास्त घाला. ५.१ सुद्धा चालतं. नुसतं ५ मात्र नाही! ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. नावं सारखी असल्याने दुकानात घोटाळा होतो, बाटली स्वतः वाचून घ्या.

सीलबंद अर्धा लिटर पुरतं. मागच्या वर्षीची उघडलेली बाटली वापरू नका.

सामान : चार भक्कम घोडे (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला ओंडके, ब्लीडर निपलला (स्लेव्हमधलं फ्लुइड आणि हवा बाहेर सोडायची तोटी; या कामालाच ब्लीडिंग म्हणतात) घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज, पाण्याचा मग आणि फडकी. निपलला १० लागतो की ११, ते रिंग पाना लावून बघा. फिक्स पान्याने कडा गोल झाल्या तर पुढचं काम तिप्पट. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, हे वेगळं सांगत नाही.

एक्झॉस्ट पूर्ण गार होऊ द्या. पेडलला हात लावायच्या आधी सिरिंजने टाकीतलं काळं काढा, तळाचा गाळ न लोंबणाऱ्या फडक्याने पुसा आणि नवीन भरा. हे न करता पेडल मारलं तर तोच गाळ लाइनमध्ये ढकलला जातो. निपलवरची माती ब्रशने झाडून नळी चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या फ्लुइडमध्ये बुडवा. पेडलवर एक माणूस बसवा. त्याने पेडल चार-पाच वेळा पंप करून दाबून धरायचं आणि "दाबलं" म्हणायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा आटा सोडायचा, काळं वाहिलं की बंद करायचा आणि मगच "सोड". हा क्रम चुकला तर नळीतलं सगळं परत आत ओढलं जातं.

दर पाच-सहा वेळांनी टाकी बघा. टाकी छोटी आहे, तळ दिसला की मास्टरमध्ये हवा शिरली आणि श्रीगणेशा पुन्हा. ३०० मिलीच्या आसपास बाहेर येईपर्यंत रंग स्वच्छ होतो. निपल आवळताना मनगटाचाच जोर लावा, आतून पोकळ असतो, तुटतो.

रंगावर थेंब पडला तर पुसू नका, लगेच पाणी ओता. पुसल्याने पसरतं आणि रंग उचलला जातो.

घाटवळण

वरचं सगळं बरोबर, पण "चार-पाच वेळा पंप करून" याला माझा विरोध आहे. हवा मोठ्या बुडबुड्यात असते तेव्हा सहज निघते. भराभर पंप केलं की तिचा फेस होतो आणि बारीक बुडबुडे आत चिकटून बसतात. प्रत्येक वेळी एकदाच, सावकाश, तळापर्यंत दाबायचं. सोडतानाही सावकाश, आणि मध्ये चार-पाच सेकंद थांबायचं, म्हणजे टाकीतून ऑइल मास्टरमध्ये नीट उतरतं.

एकट्याने करायचं असेल तर झाकण सैल ठेवा, निपल उघडा आणि आपोआप ठिबकू द्या. १०-१५ मिनिटं लागतात, फक्त टाकीवरची नजर हलवायची नाही. व्हॅक्यूम पंप लावलात तर निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. लोक त्याला लाइनमधली हवा समजून दोन बाटल्या संपवतात.

खालून सिरिंजने वर ढकलायची पद्धतही आहे. हवा वरच जाते, त्यामुळे हट्टी बुडबुड्याला छान. पण काळं ऑइल पूर्ण निघाल्यावरच, नाहीतर खालचा कचरा मास्टरच्या कपात जाऊन बसेल. आणि आधी टाकी अर्धी रिकामी करा, नाहीतर वरून उतू जाईल.

आणखी एक. आपल्याकडे कुठलाही पार्ट रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवायची सवय आहे. इथे सक्त मनाई. या सिलिंडरांचं रबर खनिज तेलाने फुगतं. इंजिन ऑइलचं नरसाळंही वापरू नका, एवढासा ओघळ पुरतो.

रिंगपाना_अंबड

पंपाबद्दल मान्य, सावकाश एकेकदाच बरं. फेसाचा मुद्दा लिहायला हवा होता.

गंगापूररोडवाला

धन्यवाद दोघांनाही. मिनिटभर धरून बघितलं, गाडी हलली नाही. म्हणजे मास्टर ठीक. पण आतल्या स्लेव्हचं काय? आणि टाकीची पातळी उलट कमाल रेषेच्या किंचित वर आहे, मी तर कधी भरलं नाही.

सातपूर_वर्कबेंच

पातळी वर जाणं हे लक्षण आहे, चमत्कार नाही. ब्रेकमध्ये पॅड झिजले की टाकी उतरते, क्लचमध्ये उलटं. क्लच प्लेट झिजली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंगची बोटं स्लेव्हवरच्या बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि तेवढं ऑइल टाकीत परत येतं. म्हणजे तुमची प्लेट बरीच खाल्ली गेलीय. याचा दुसरा अर्थ असा की क्लचची टाकी उतरत असेल तर ती गळतीच, झीज म्हणून सोडून द्यायची सोय नाही.

गळती आधी दोन ठिकाणी बघायची. पेडलवरचा रॉड जिथे मास्टरमध्ये शिरतो, तिथलं रबरी बूट बोटाने उचला. ओलं लागलं तर मास्टर. बेल हाउसिंगच्या खालच्या कडेला थेंब असेल तर बोटाने घासून बघा. इंजिन ऑइल बुळबुळीत राहतं, हे पाण्याने लगेच धुतलं जातं. ते स्लेव्हचं असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि स्लेव्ह एकदमच बदला. बेअरिंग स्लेव्हसोबतच येतं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कोण भरणार?

काळ्या रंगाचं सगळं खापर पाण्यावर फोडू नका. रबराची झीज आणि क्लचची धूळही त्यात असते. नवीन भरल्यावर दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये परत काळं झालं तर स्लेव्हचं सील खात चाललंय असं समजा. पेडल ठीक असलं तरी.

गंगापूररोडवाला

आज बदललं. पावणेतीनशे मिली काढलं, शेवटचं पार स्वच्छ. पण ब्लीडिंगच्या मध्येच पेडल खालीच चिकटून राहिलं, हाताने वर ओढावं लागलं. काही तुटलं का?

घाटवळण

नाही. निपल उघडा असताना पेडल खाली गेलं की ते वर ढकलायला मागे दाबच उरत नाही. हाताने ओढा, पायाचा पंजा खाली घालून उचललंत तरी चालतं. निपल बंद असताना दहा-पंधरा वेळा सावकाश दाबलं की स्वतः वर यायला हवं. गाडी चालवताना तसं झालं तर मात्र टोइंगच बोलवा.

आता पेडलचा मोकळा खेळ बघा. बोटाने दाबल्यावर रॉड पिस्टनला टेकायच्या आधी एक ते तीन मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे. खेळ शून्य असेल तर मास्टरमधलं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नाही, आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहून घाटात घसरायला लागतो. रॉडवरचा नट सैल करून अर्धा-अर्धा फेरा द्या, दर वेळी खेळ मोजा, मग नट आवळा. टाकीही कमाल रेषेच्या खाली आणून ठेवा, कारण प्लेट अजून झिजणार आहे.

रिंगपाना_अंबड

आणि काढलेलं काळं इंजिन ऑइलच्या जुन्या डब्यात ओतू नका, वेगळ्या बाटलीत बंद करा. गटारात तर मुळीच नाही, पुढे गोदावरीतच जातं.