३ फुटी रीफ टँकसाठी परवडणारी वाळू कोणती? (नाशिक)

गोदाकाठचा_क्लाउन
सिडकोत राहतो. खाऱ्या पाण्याची टाकी, ९० × ४५ × ४५ सेंमी. मऊ कोरल (प्रवाळ), क्लाउन माशांची जोडी, पुढे एखादा गोबी (तळाशी राहणारा लहान मासा). पॅकबंद अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू) घ्यायचं तर वाळूचं बिल काचेच्या वर जातंय. गोदावरीची बांधकामाची वाळू धुऊन चालेल का? एका दुकानदाराने कोरलचा चुरा सुचवला, दुसऱ्याने मार्बलचा. आणि किती किलो लागेल?

खारं_पाणी
नदीची वाळू नकोच. आपल्याकडची म्हणजे बराचसा बेसॉल्टचा चुरा, त्यात मॅग्नेटाइटचे काळे कण. मूठभर सुकवून कागदावर पसरा आणि खालून लोहचुंबक फिरवा, काळे कण केसांसारखे उभे राहतात. काच पुसायच्या मॅग्नेटमध्ये हेच कण अडकतात आणि काचेवर कायमचे ओरखडे पडतात. शिवाय माती आणि सांडपाण्याची घाण आहेच.

द्राक्षबागांच्या गावात वाळू शोधत फिरायची गरज नाही. ठिबकच्या सँड फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू ठिबकच्या दुकानात पोत्याने मागा. पांढरट, काचेसारखे, शक्यतो गोलसर दाणे, १ मिमीच्या आसपास. काळी कच दिली तर घेऊ नका. अर्धा मिमीपेक्षा बारीक वाळू वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) उडवतो.

३ सेंमी थराला ९० × ४५ × ३ = १२,१५० घनसेंमी, म्हणजे १२ लिटर. सिलिका लिटरला साधारण दीड किलो, म्हणून १८ किलो. दगड तळावर बसणार असतील तर १५-१६ पुरे.

पीएच_८
सिलिकाने डायटम (तपकिरी शेवाळ) येतात, आणि अरॅगोनाइट नसेल तर पीएच कोण सांभाळणार?

खारं_पाणी
क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. नव्या टाकीत तपकिरी थर वाळू कुठलीही असली तरी येतो, त्याला सिलिकेट पुरवतं पाणी. बोअरचं असेल तर विशेष, कारण बेसॉल्टमधल्या भूजलात सिलिका भरपूर असते. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं) लावा.

पीएचचं म्हणाल तर ८.१-८.३ ला अरॅगोनाइटही विरघळत नाही. खोल थरात, जिथे पीएच बराच खाली जातो, तिथे थोडंफार विरघळतं. क्षारता (केएच, पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ३ सेंमीच्या थराच्या भरवशावर सोडाल तर कोरल वाढू लागल्यावर ती घसरणारच. ती ८-९ वर डोसिंगनेच, म्हणजे द्रावण मोजून घालूनच राखायची.

मात्र गोबी वाळू चाळणारा असेल तर धारदार दाणे नकोत, कल्ले आणि तोंड सोलवटतं. वाळूत झोपणारा रास (wrasse) मासा घेणार असाल तर बारीक अरॅगोनाइटवर पैसे घाला आणि थरही ५ सेंमी करा.

सम्प_आणि_स्किमर
कोरलच्या चुऱ्याबद्दल: ३-५ मिमीचे तुकडे असतात, मधल्या फटींत घाण साचते आणि नायट्रेट चढत राहतं. शिवाय रीफ बांधणारी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माल कुठला ते दुकानदाराला सांगता येत नसेल तर हात लावू नका. कोकणातून पिशवी भरून आणायचा विचारही नको.

मार्बल म्हणजे कॅल्साइट, विषारी नाही. पण कटिंगचा गाळ पिठासारखा असतो, पाणी दुधाळ ठेवतो. दाणेदार मिळाला तरच घ्या. व्हिनेगरचे थेंब टाका: मार्बल फसफसतो, डोलोमाइट जेमतेम, शुद्ध सिलिका अजिबात नाही. सिलिका म्हणून दिलेली फसफसली तर तिच्यात चुनखडी मिसळलेली आहे.

गोदाकाठचा_क्लाउन
सिलिका ठरली. धुवायची कशी?

खारं_पाणी
एका वेळी ३-४ किलो बादलीत, नळाखाली हाताने ढवळत, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. शेवटचं पाणी आरओचं. मग सुकवून पुन्हा चुंबक फिरवा.

आधी दगड थेट काचेवर रचा, मग भोवती वाळू. उलट केलंत तर गोबी दगडाखाली उकरतो आणि डोंगर काचेवर येतो. टाकीत पाणी असेल तर पीव्हीसी पाइपमधून तळाशी सोडा, रिटर्न पंप (पाणी टाकीत परत ढकलणारा) बंद ठेवून. गढूळपणा दोन दिवसांत बसतो, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) मात्र रोज बदला. चालू, निरोगी टाकीतली वाटीभर वाळू मिळाली तर वरून पसरा, जिवाणू लवकर रुजतील. दर पाणीबदलाला एक तृतीयांश भाग सायफनने साफ करा. सगळा थर एकदम उकरू नका.